टेबलावर एकच डबा

लव्हॉन टॉलेफसनच्या तळघरात उतरायचं तर आधी खिसे रिकामे करावे लागत. लायटर, काड्यापेटी, फोन, सगळं जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवलेल्या कॉफीच्या डब्यात टाकायचं आणि मगच खाली यायचं. एकदा चर्चचे पास्टर तिचा तुंबलेला पंप बघायला आले होते. "माझ्याकडे तसलं काही नाही," असं ते म्हणाले, तर ही बाई म्हणते, "खिसा उलटा करून दाखवा." पास्टरांनी मुकाट्याने दाखवला. ड्राय फोर्क गावात पास्टरांना असं सांगणारी ती एकटीच होती, आणि याचं तिला जराही काही वाटत नसे.

खाली, घर तापवायच्या भट्टीपासून सगळ्यात लांबच्या भिंतीला, तिचं टेबल होतं. जाड फळ्यांचं, माणूस वर नाचला तरी हलणार नाही असं. त्याच्या कडेला चार बोल्टांनी आवळलेला लोखंडी हातप्रेस, तिच्या बापाचा, नील्सचा. इथे ती काडतुसं भरायची. झाडून रिकामी झालेली पितळी पुंगळी साफ करायची, प्रेसमध्ये दाबून तिला मूळ आकारावर आणायची, बुडात ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, मोजून बंदुकीची दारू ओतायची आणि तोंडाशी गोळी बसवायची. झालं काडतूस. दुकानात हेच काडतूस खोक्यात मिळतं, आणि निम्मा गाव ते तिथून आणतो. उरलेला निम्मा घरी भरतो आणि पहिल्या निम्म्याला आळशी म्हणतो. पहिला निम्मा दुसऱ्याला चिक्कू म्हणतो. एवढा खटाटोप करण्यात राम आहे का, हा वाद मोंटाना राज्यात बर्फ जितकी वर्षं पडतंय तितकी वर्षं चालू असावा आणि कुणी हरल्याचं ऐकिवात नाही.

लव्हॉनला चिक्कू म्हटलेलं चालायचं. निरर्थक उद्योग म्हटलेलं चालायचं नाही.

तिच्या टेबलाचे नियम दोन. पहिला बापाने घालून दिलेला: टेबलावर दारूचा एका वेळी एकच डबा. दुसरा काढायचा तर पहिला झाकण लावून कपाटात गेला पाहिजे, मग घराला आग लागली असो की पाहुणे दारात उभे असोत. कारण बंदुकीच्या दोन दारू दिसायला सख्ख्या बहिणी असतात, दोन्ही म्हणजे काळे बारीक तुकडे, शिसपेन्सिल कापून ठेवल्यासारखे. पण एक सावकाश जळते आणि दुसरी भडकून. सावकाशीच्या मापाने भडकू भरली, की रायफलीचं तोंड सोडून बूडच फुटतं, आणि बुडाशी माणसाचा गाल टेकलेला असतो.

दुसरा नियम सगळ्या मुलखाचाच: दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही. भाऊ असो, जावई असो. त्याच्या घरी जेवा, त्याला मुलगी द्या, पण त्याचं काडतूस नको.

या दुसऱ्या नियमाला गावात दोनच अपवाद झाले आणि दोन्ही लव्हॉनमुळे. पहिला तिचा दिवंगत नवरा आर्लन. आर्लन धान्याचा ट्रक चालवायचा, मनाने राजा माणूस, पण हाताला घाई. लग्नानंतर पहिल्याच हिवाळ्यात त्याचं भरणं बघून तिने त्याला स्टुलावरून उठवलं आणि ती स्वतः बसली, ती बसलीच. दुसरा अपवाद आर्लनचा दोस्त ऑर्व्हिल हॉगन. आता ऐंशी उलटलेला, बोटं सुजून वाकडी झालेली. काडतुसाची बारीक टोपी चिमटीत धरणं त्याला जमत नव्हतं, आणि त्याची रायफल होती लव्हॉनच्या रायफलीच्याच मापाची, दोनशे सत्तावन्न रॉबर्ट्स. इकडे त्या मापाला सगळे लाडाने बॉब म्हणतात. लाड सगळे करतात, पण दुकानात बॉबचा खोका गेली दोन वर्षं कुणी पाहिलेला नव्हता. म्हणजे ऑर्व्हिलला हरीण मारायचं तर लव्हॉनच्या हातचं काडतूस, नाहीतर दगड.

"तू तिची काडतुसं घालतोस?" शिकारीच्या तळावर पोरं त्याला चिडवायची. "बायको नाही, बहीण नाही."

"तिने माझ्या चारही पोरांना तीस-तीस मैल बर्फातून शाळेत नेऊन आणलंय," ऑर्व्हिल म्हणायचा. "एकाचंही बोट मोडलं नाही. बंदूक तर माझी लोखंडाची आहे."

तेही खरंच. लव्हॉनने तीसेक वर्षं शाळेची बस चालवली. थंडी कितीही असो, गाडी सुरू करण्याआधी ती बसभोवती एक पूर्ण फेरी घालायची आणि प्रत्येक चाकाला लाथ मारायची. शाळेच्या कचेरीतून एकदा कुणीतरी सांगितलं, बाई, गॅरेजवाले तपासतात, तुम्ही उगाच गारठू नका. तिने ऐकून घेतलं आणि त्यांच्यादेखत पुन्हा एक फेरी घातली. आज गावातले निम्मे बाप्ये तिच्या बसमधून वाढलेले आहेत, आणि पन्नाशीला टेकले तरी तिला बाईच म्हणतात.

बसमध्ये पुढच्या सीटवर बसून वाढला तो तिचा मुलगा ट्रॉय. आता ग्रेट फॉल्सला शेतीच्या यंत्रांचे सुटे भाग विकतो, आईवर जीव आहे, आणि म्हणूनच तिच्या मागे हात धुऊन लागलेला. त्या वर्षी ईस्टरच्या जेवणाला त्याने हॅमचा पहिला तुकडा तोंडात घालण्याआधीच विषय काढला.

"आई, एक खोका काडतुसं भरायला तुला किती वेळ लागतो?"

"लागेल तेवढा."

"दुकानातून आणायला दहा मिनिटं लागतात."

"दुकानात बॉबचा खोका शेवटचा कधी पाहिलास?"

"म्हणून तर नवी रायफल आणून दिली ना तुला! तिचे खोके पेट्रोल पंपावरसुद्धा मिळतात."

"पेट्रोल पंपावर सँडविचही मिळतं. तू खातोस?"

"खातो."

"तरीच."

नवी रायफल दाराआड तिच्या मूळ खोक्यात उभी होती. लव्हॉन त्या खोक्यावर इस्त्रीचे कपडे टाकायची. ट्रॉयने ते पाहिलं होतं आणि त्याच्या जिव्हारी लागलं होतं, पण तो त्याबद्दल बोलला नाही. बोलला ते वेगळंच.

"तू जिन्यावरून पडलीस. डोळ्यांचं ऑपरेशन झालं. आणि घरात एकटी असताना खाली त्या दारूच्या डब्यांशी खेळत बसतेस. मला झोप लागत नाही, आई. एका काडतुसात चूक झाली तर काय होतं, हे तूच शिकवलंयस मला."

"खेळत बसते?" लव्हॉनने सुरी खाली ठेवली. "माझ्या हातून आजवर एक तरी चूक झालीय का?"

"आजवर नाही."

"मग ऐक. ज्या दिवशी होईल, त्या दिवशी मी स्वतः ते टेबल सोडवून तुझ्या हवाली करीन. मग विक, जाळ, नाहीतर त्यावर कुत्रा झोपव. तोवर हॅम खा."

ट्रॉयच्या बायकोने बटाटे पुढे सरकवले आणि विषय मिटला. म्हणजे लव्हॉनला वाटलं मिटला.

ऑक्टोबरात, हरणांचा हंगाम उघडायच्या आठवड्यात, ती ऑर्व्हिलची काडतुसं भरायला बसली. आदल्या दिवशी आर्लनच्या जुन्या बंदुकीची थोडी भरून झाली होती, आता बॉबची पाळी. मापाच्या नरसाळ्यात दारू ओतली आणि वर फोन वाजला. फोन ट्रॉयचाच असणार म्हणून ती कुरकुरत जिना चढली.

"आई, रागावू नकोस. एक माणूस आहे. त्याला प्रेस हवाय, टेबलासकट. पुढच्या रविवारी येईल ट्रेलर घेऊन. नुसतं बघायला."

"ट्रेलर घेऊन नुसतं बघायला?"

"म्हणजे... आवडलं तर."

"त्याला सांग, मी मेल्यावर बघायला ये. तेव्हा मी पण बघण्यासारखी असेन, दोन्ही एकदम होईल."

फोन आपटून ती खाली आली. डोकं नुसतं भणभणत होतं. प्रेसचा दांडा ती अशी खेचत होती की जणू पलीकडे ट्रॉयचा कान बांधलाय. दहा काडतुसं झाली. उरलेली दारू तिने डब्यात परत ओतली, झाकण लावलं, काडतुसं खोक्यात घातली आणि संध्याकाळी ऑर्व्हिलच्या हातात दिली. ऑर्व्हिल तळावर जायला निघालेलाच होता.

शुक्रवारी सकाळी ती टेबल पुसायला उतरली. एका कोपऱ्यात तेलाचं फडकं पडलं होतं. उचललं. खाली डबा होता. दुसरा.

लव्हॉनने खाली वाकून बघितलं, मग चष्मा काढून बघितलं, मग पुन्हा लावून बघितलं. आर्लनच्या बंदुकीची दारू. भडकू. आणि कपाटाबाहेर, त्याच्याशेजारी, बॉबचा डबा. दोन्हींची झाकणं कशीबशी लावलेली. म्हणजे फोनच्या वेळी दोन डबे टेबलावर होते. नरसाळ्यात तिने ओतली ती कोणती?

तिला वाटत होतं बॉबची. जवळजवळ खात्री होती. पण बापाने तिला दहाव्या वर्षी या टेबलाशी उभं केलं तेव्हा पहिल्यांदा हेच सांगितलं होतं, की इथे वाटणं चालत नाही. ती स्टुलावर बसली. साठ वर्षांत पहिल्यांदाच तिला आपल्या हातांची भीती वाटली, आणि त्या भीतीचा तिला एवढा संताप आला की तिने ते फडकं भिंतीवर फेकून मारलं.

मग एकेक गोष्ट समोर यायला लागली. ऑर्व्हिल तळावर, तिथे फोन लागत नाही. उद्या पहाटे हंगाम उघडणार आणि तो त्यातलं पहिलं काडतूस आत सरकवून गाल टेकवणार. तळावर ट्रॉयही होता. आणि ईस्टरला ती जे बोलली होती, ते ट्रॉयने ऐकलं होतं, त्याच्या बायकोने ऐकलं होतं, बटाट्यांनीसुद्धा ऐकलं होतं.

गोळी उपसायचा हातोडा, दारूचा नवा न उघडलेला डबा, आणि बापाची ती जुनी लाकडी पेटी, जिच्यात प्रेसशिवाय, नुसत्या लाकडी हातोडीने काडतूस भरायचं सामान असतं, एवढं तिने पिकअपमध्ये टाकलं आणि निघाली.

साठ मैल. शेवटचे वीस खडीचे, वर डोंगरात जाणारे, आणि कडेला पहिलं बर्फ साचलेलं. एवढ्या वाटेत माणूस बरंच काही ठरवतो. लव्हॉनने खोटं बोलायचं ठरवलं. हो, सरळ खोटं. ऑर्व्हिलला बाजूला घ्यायचं, म्हणायचं दे जरा खोका, गोळ्या नीट बसल्यात का ते एकदा मापते. गुपचूप उपसायची, नवी दारू घालून परत द्यायची. काम तेवढंच, कुणाला काही कळायचं कारण नाही, टेबल जागच्या जागी. पुढच्या रविवारी तो ट्रेलरवाला आला तर त्याला कॉफी पाजून वाटेला लावू. नदीवरचा पूल ओलांडेपर्यंत हे खोटं तिला चांगलं पाठ झालं होतं.

तळावर मोठी राहुटी ठोकलेली, धुराड्यातून धूर. ट्रॉय लाकडं फोडत होता. डॅरेल किपेन नावाचा, आता पोट सुटलेला पण बसमध्ये दर सोमवारी ओकणारा पोरगा, गेल्या हंगामातल्या हरणाच्या मटणाची चिली, म्हणजे तिखट रस्सा, ढवळत होता. आणखी दोघे खुर्च्या टाकून बसलेले. पिकअपमधून आईला उतरताना पाहून ट्रॉयची कुऱ्हाड थांबली.

"आई? काय झालं?"

"काही नाही. ऑर्व्हिल कुठाय?"

ऑर्व्हिल राहुटीतून बाहेर आला, कोटाच्या खिशात हात घालून, खुशीत. तिने त्याला बाजूला घेतलं आणि पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं.

"काही मापायचं नाही," ऑर्व्हिल म्हणाला, आणि त्याला हळू बोलता कधीच आलं नव्हतं. "मी सकाळीच एक झाडून बघितलं. निशाणाच्या कागदाच्या बरोबर मधोमध! अशी काडतुसं तू आजवर भरली नाहीस. मी नाही देत."

"दे म्हणते ना."

"नाही देत! मध्यभागी लागतंय ते कशाला बिघडवायचं?"

सगळे बघायला लागले. लव्हॉनने त्याच्या कोटाच्या फुगलेल्या खिशाकडे पाहिलं. आत उरलेली नऊ. मग तिने ट्रॉयकडे पाहिलं. आणि मग तिला स्वतःचीच चीड आली, या सगळ्यांना बसमध्ये खरं बोलायला लावलं कुणी, तर आपण.

"ऑर्व्हिल, टेबलावर दोन डबे होते," ती मोठ्याने म्हणाली. "तुझी भरताना. कोणत्या डब्यातली दारू गेलीय ते मला माहीत नाही."

चिलीतला डाव थांबला. या माणसांना याहून जास्त समजावून सांगायची गरज नव्हती. खुर्चीतल्या दोघांपैकी एकाने टोपी काढून पुन्हा घातली. ऑर्व्हिलने खिशातून खोका काढला, एखादं झोपलेलं जनावर धरावं तसा दोन्ही हातांत धरला आणि तिला दिला.

"पण एक तर नीट गेलं," तो पुटपुटला.

"एकावरून बाकीच्या नऊंचं काही सांगता येत नाही."

"म्हणून मी आपली कारखान्यातलीच आणतो, बाई," डॅरेल म्हणाला. वाईट हेतूने नव्हे, शांतता सहन होईना म्हणून.

लव्हॉन गर्रकन वळली. "कारखान्यात चूक होत नाही?"

"होत असेल की."

"मग तुला सांगायला कोण येतं, डॅरेल? हंगामाच्या आदल्या दिवशी, या रस्त्याने, गाडी हाकत, तुझ्या तोंडावर सांगायला कोण येतं?"

"खोका परत मागवणारं पत्र येतं कधीकधी," खुर्चीतला एक म्हणाला.

"कधी? तुझं थोबाड फुटल्यावर?"

ट्रॉय कुऱ्हाड टेकवून तसाच उभा होता, आणि त्याने काही बोलायच्या आत तिनेच बोलून टाकलं.

"तू तोंड उघडू नकोस. ईस्टरला मी काय म्हणाले होते ते मला आठवतंय, मी म्हातारी झालेय, खुळी नाही. चूक झाली. टेबल तुझं, आजपासून. पण ऑर्व्हिलला उद्या शिकारीला जायचंय आणि बॉबचं काडतूस या अख्ख्या डोंगरात कुणाकडे नाही. तेव्हा इकडे ये आणि वारा अडव."

"काय?"

"वारा! इथे उभा राहा, कोट उघडून. डॅरेल, तू या बाजूला. रुंदी आहे तुला."

तिने पिकअपचा मागचा फाळका पाडला, त्यावर कांबळं अंथरलं, पेटी उघडली. एक काडतूस हातोड्याच्या पोकळ डोक्यात अडकवलं आणि लाकडाच्या ओंडक्यावर ठणकन हाणलं. डॅरेल एक पाऊल मागे गेला.

"बाई, मी त्या झाडामागे उभा राहू का?"

"तू ओकायचास तेव्हा माझी अख्खी बस झाडामागे जायची. आता जागेवर उभा राहा."

तिसऱ्या ठोक्याला गोळी आत निसटून पडली. दारू तिने तळावरच्या कॉफीच्या रिकाम्या डब्यात ओतली. सगळे वाकून बघायला लागले. काळे बारीक तुकडे.

"कोणती आहे?" ट्रॉयने विचारलं.

लव्हॉनने चिमटीत घेऊन उजेडात धरली, चष्म्यातून पाहिली, चष्म्याशिवाय पाहिली. "नाही सांगता येत."

"अंदाजाने?"

"अंदाज मला चर्चच्या सोडतीत चालतो."

नऊच्या नऊ उपसली. मग कॉफीचा डबा झाकण लावून पुढच्या सीटवर गेला, आणि तो दृष्टीआड झाल्याशिवाय तिने नव्या डब्याचं सील तोडलं नाही. फाळक्यावर आता एकच डबा. बापाची मापाची पळी तिने दारूत बुडवली, कार्डाने वरून सपाट केली, पुंगळीत ओतली. एकही दाणा बाहेर सांडला नाही. सांडला असता तर तिने ट्रॉयच्या डोळ्यांदेखत काम थांबवलं असतं. पुंगळीच्या तोंडाशी गोळी ठेवून लाकडी हातोडीने हळूहळू ठोकत ती आत बसवली. वाऱ्याची झुळूक आली तसा ट्रॉयने न सांगता कोट आणखी पसरला. आईच्या बोटांच्या इतकं जवळ तो लहानपणानंतर कधी उभा राहिला नव्हता. कोटाच्या आडोशाने दोघांचा श्वास एकत्र वाफाळत होता.

नववं झाल्यावर तिने सगळी पुन्हा उचलून एकेक पाहिली आणि ऑर्व्हिलसमोर धरली.

"आता तू ठरव. आजवर तू मला न चुकणारी म्हणून ओळखत होतास, तेव्हा गोष्ट वेगळी. आता माझी चूक माहीत असून घालायची असतील तर घाल. नको असेल तर मी रागावणार नाही."

"रागावशील," ऑर्व्हिल म्हणाला.

"हो, रागावेन. तरी तू ठरव."

ऑर्व्हिलने आपल्या वाकड्या बोटांनी एक उचललं, दुसरं उचललं, आणि सगळी खिशात ओतली. "चिली खाऊन जा," तो म्हणाला.

तिने चिली खाल्ली, मीठ कमी आहे म्हणून डॅरेलला सुनावलं, आणि उजेड असतानाच डोंगर उतरली. ट्रॉयने तिच्या पिकअपभोवती एक फेरी घालून चारही चाकांना लाथा मारल्या. का मारल्या हे त्यालाही सांगता आलं नसतं.

घरी आल्यावर तिने तिन्ही डबे बागेत नेले, उपसलेली दारू आणि ते दोन संशयाचे, आणि सगळं गुलाबाच्या वाफ्यात पसरून मातीत कालवलं. दारूत नत्र असतं, गुलाबांना ते मानवतं. ऑर्व्हिलच्या त्या पुंगळ्यांत कोणती दारू होती, ते आता गुलाबांनाच ठाऊक. मग ती तळघरात उतरली, कपाट आवरलं, टेबल घासून पुसून लख्ख केलं आणि पाना घेऊन प्रेसचे बोल्ट सैल करायला लागली. तिसऱ्या बोल्टला तिला रडू आलं. कुणी नव्हतं, म्हणून ती चांगली भोकाड पसरून रडली, आणि मग चौथाही सैल केला. शब्द दिला होता, आणि टॉलेफसनांच्या घरात तो मोडायला काढत नसत.

आठवड्यात ऑर्व्हिल येऊन गेला. हरणाची मांडी आणि सात काडतुसं घेऊन.

"दोन झाडलीस?"

"पहिलं चुकलं. माझ्यामुळे, काडतुसामुळे नव्हे. डोळ्यात पाणी आलं थंडीने." मग तो जिन्याकडे बघत म्हणाला, "खरंच देणार तू?"

"दिलंय. देणार नाही, दिलंय."

रविवारी ती सकाळपासून चांगला स्वेटर घालून खाली स्टुलावर बसली होती. ट्रेलरवाल्यासमोर रडायचं नाही एवढं ठरवून. दुपारी दारात गाडी थांबली. ट्रेलरचा खडखडाट आला नाही. वर पावलं वाजली, आणि मग कॉफीच्या डब्यात एकेक वस्तू पडल्याचा आवाज: किल्ल्या, लायटर, फोन. तिने सांगितलं नव्हतं. जिन्यावरून ट्रॉय एकटाच उतरला.

"तो कुठाय?"

"येऊ नको म्हटलं."

"माझ्यावर दया नको."

"दया कसली? टेबल माझंय ना? मग मी ठरवीन विकायचं की नाही."

ट्रॉयने कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि टेबलावर तीन पितळी पुंगळ्या ठेवल्या. त्याच्या स्वतःच्या रायफलीच्या. आजवर तो झाडलेल्या पुंगळ्या गवतात टाकून यायचा, आणि त्यावरून तिने त्याला किती वेळा फाडून खाल्लं होतं. या तिन्ही त्याने उचलून, पुसून आणल्या होत्या.

"मी भरणार नाही," ती म्हणाली. "आधीच सांगते. दुसऱ्याचं काडतूस..."

"माहीत आहे मला."

"मग?"

ट्रॉय पुंगळी बोटाखाली घोळवत राहिला. "त्या दिवशी तुझ्या जागी मी असतो, तर सांगितलं नसतं. ऑर्व्हिलकडून गुपचूप काढून घेतली असती."

"मी पण तेच करायला आले होते. म्हातारा देईना."

ट्रॉय आधी तिच्याकडे बघत राहिला आणि मग हसला, पुढच्या सीटवर बसून हसायचा तसा, मान खाली घालून. त्याने पाना उचलला आणि प्रेसचे चारही बोल्ट एकेक करून आवळले. लव्हॉन स्टुलावरून उठली. आर्लनला उठवून बसली तेव्हापासून त्या स्टुलावरून ती कुणासाठी उठली नव्हती.

"बस," ती म्हणाली.

तो बसला आणि पहिल्या पुंगळीकडे हात नेला. तिने त्याच्या हातावर चापट मारली.

"आधी टेबलावर डबे किती आहेत ते बघ."

ट्रॉयने या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. तेलाचं फडकं उचलून त्याच्या खालीही पाहिलं.

"एकही नाही, आई."

"मग आण जा," लव्हॉन म्हणाली. "एकच."